बाईंची हरकत

ती. ताई,

पत्राच्या आरंभी साष्टांग नमस्कार घालावा हे मला ठाऊक आहे, पण सध्या डावा गुडघा आणि कंबर या दोघांनी असहकार पुकारला आहे, तेव्हा उरलेल्या अंगांनी घातलेला नमस्कार पुरा समजून घे. तुझे दोन्ही गुडघे कसे आहेत? कानाचं विचारत नाही, कारण तुला नीट ऐकू येतं असं तुझं म्हणणं आहे आणि थोरल्या बहिणीच्या म्हणण्याला आव्हान देण्याचं वय माझं अजून झालेलं नाही (मी फक्त एकाहत्तर वर्षांचा आहे). मात्र मागच्या खेपेला फोनवर मी म्हणालो की मला सर्दी झाली आहे, आणि तू म्हणालीस की गर्दी झाली असेल तर चार जणांना वरच्या मजल्यावर ठेव. त्यानंतर तुझ्या मुलाने फोन हातात घेतला आणि माझं एकेक वाक्य तुझ्या कानात ओरडून सांगितलं. आपलं मन भाच्याच्या तोंडून गल्लीभर ऐकू जाणं मला काही सोसवत नाही. म्हणून हे पत्र. हे त्याला वाचायला देऊ नकोस. चष्मा सापडत नसेल तर तो कपाळावर असेल, तिथे आधी बघ.

माझं म्हणशील तर उत्तम चाललं आहे. जेवणखाण वेळेवर होतं. एकटं वाटायला वेळ मिळावा लागतो, तोच मिळत नाही. सकाळपासून माणसांची वर्दळ, कागदपत्रं, बैठका. गेल्या वर्षात तर मी एवढा मोठा माणूस झालो की माझ्यामुळे एक अख्खी सरकारी शाळा उभी राहायची थांबली होती. (बसून वाच. चहा घेऊन बस म्हणजे मध्ये उठावं लागणार नाही.)

तुला आमची ती तळ्याकाठची बाग आठवत असेल. तू एकदा आली होतीस तेव्हा तिथल्या नळाला पाणी नाही म्हणून तू माळ्याला झापलं होतंस. तो माळी नंतर तुझ्या भीतीने वर्षभर नळ सुरू ठेवत होता. त्या नळापासून तिसरं बाकडं आमचं. आमचं म्हणजे बाईंचं आणि माझं. (तू तिला नावाने हाक मारायचीस, पण बाकी सारा गाव तिला पहिलीच्या बाई म्हणायचा आणि मीही घरात बाईच म्हणायचो, अहो-जाहोसकट. जी व्यक्ती रोज सकाळी चाळीस मुलांना एका नजरेत गप्प बसवून येते तिला अरे-तुरे करण्याची माझी छाती कधी झाली नाही.) शाळा सुटली की बाई त्या बाकावर येऊन बसायच्या, चपला काढून पाय गवतावर ठेवायच्या आणि वह्या तपासायच्या. सव्वापाचला पाणी खात्यातलं माझं आवक-जावकचं टेबल आवरून मी यायचो. बाकाची मधली फळी सैल होती, ती चुकवून कसं बसायचं ते फक्त बाईंना साधलं होतं. मला ती फळी सव्वीस वर्षं चिमटत राहिली. बाई जाऊन आता तीन वर्षं झाली. मी अजून सव्वापाचलाच जायचो. निवृत्त माणसाला सव्वापाचच का, असं कोणी विचारलं नाही, कारण विचारायला कोणी नव्हतं.

तर बाईंची ती शाळा. इमारत जुनी, जिन्याच्या भिंतीला तडा, खालच्या वर्गांत ओल. बाईंनी नवीन इमारतीसाठी सतरा अर्ज केले होते. सतराही मीच लिहून दिले, आणि सतराही अर्जांची पोच आपल्या घरी फायलीत लावलेली आहे. इमारत काही आली नाही. बाई निवृत्त झाल्या, मग गेल्या, आणि मग एका शनिवारी शाळा रिकामी असताना दुसऱ्या मजल्यावरचं छत खाली आलं. तेव्हा कुठे वरच्या लोकांना शाळा आठवली. जुन्या जागेवर दोन वर्षं पाडकाम आणि जमीन सारखी करणं, तोवर मुलांनी जायचं कुठे? त्यावर त्यांनी तोडगा काढला तो असा, की बागेची जमीन शाळेला द्यायची, तिथे ताबडतोब नवी शाळा बांधायची, आणि मग शाळेची जुनी जमीन बागेला द्यायची. अदलाबदल. कागदावर दोन चौकोन होते, त्यांच्यात उलटसुलट बाण काढले होते. बाकड्याची खूण नकाशात कुठेच नव्हती, मी भिंग लावून पाहिलं.

नोटीस बागेच्या फाटकावर चिकटवली त्या दिवशी माझं डोकं फिरलं. ताई, खरं सांगतो, मला त्या वेळी शाळा आठवली नाही, मुलं आठवली नाहीत, सतरा अर्जही आठवले नाहीत. एवढंच वाटलं की आता सव्वापाचला मी जाऊ कुठे. तसाच नोटिशीत दिलेल्या ऑफिसात गेलो, हरकतीचा छापील अर्ज घेतला आणि खिडकीपाशी उभ्या उभ्या भरला. आता चाळीस वर्षं आपल्या घरातला प्रत्येक अर्ज मी भरला आहे, मग तो पाण्याच्या जोडणीचा असो, मतदारयादीचा असो, वाचनालयाचा असो. आणि प्रत्येक अर्जात मी दोन नावं लिहिली आहेत. एकच्या ओळीत माझं, दोनच्या ओळीत बाईंचं. डोकं फिरलेलं असलं तरी हात आपल्या वळणाने चालतो. त्याने दोनही ओळी भरल्या. माझ्या नावापुढे हरकतीचं कारण म्हणून सावली, पक्षी, ज्येष्ठ नागरिक, शुद्ध हवा असं अकरा ओळींचं लिहिलं. बाईंच्या नावापुढे लिहिलं, ‘वरीलप्रमाणे.’ हयातीत ज्या बाईंनी माझ्या एकाही मताला वरीलप्रमाणे म्हटलं नाही, त्यांच्या तोंडी गेल्यावर मी तो शब्द घातला! वर दोघांच्याही नावाने पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय कागद सोडायचा नाही हा माझा बाणा तुला माहीत आहेच.

त्यानंतरचे चार महिने मात्र, ताई, काय सांगू. अशा हरकती दोनशेच्या वर आल्या आणि हरकत घेणाऱ्यांची एक समिती झाली. अध्यक्ष एक निवृत्त दंतवैद्य. (माणूस भला, पण समोरचा बोलायला लागला की हे कान देण्याऐवजी त्याचे दात बघतात. माझ्या भाषणानंतर त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, वरची डावी दाढ दाखवून घ्या म्हणाले.) माझं अक्षर चांगलं म्हणून मला चिटणीस केलं. बैठका आमच्याच बाकाभोवती व्हायच्या. लोक मला काका बसा म्हणायचे, काका काय वाटतं म्हणून विचारायचे, एकदा मी दोन दिवस दिसलो नाही तर दंतवैद्य स्वतः घरी येऊन दार वाजवून गेले. बाग वाचावी असं मला वाटत होतं हे खरं, पण लवकर वाचू नये असंही वाटत होतं. सभेचं इतिवृत्त मी मुद्दाम लांबवायचो. एका बैठकीचं इतिवृत्त वाचून मंजूर करण्यातच पुढची बैठक संपायची. समितीच्या इतिहासात आम्ही ठराव एकच केला, तो म्हणजे समितीच्या ‘बाग वाचवा’ फलकावर हिरवा रंग लावायचा, आणि त्यातही गडद की फिका हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

मग शाळेच्या मुख्याध्यापिकांनी आम्हां दोघांना, म्हणजे दंतवैद्यांना आणि मला, त्यांची सध्याची शाळा बघायला बोलावलं. या बाई आपल्या बाईंच्या हाताखाली शिकवायला लागल्या होत्या, त्यामुळे नाही म्हणता येईना. शाळा एका कापडाच्या गोदामात भरते. दोन पाळ्या. मधे पडदे लावून वर्ग केलेत, त्यामुळे तिसरीतली मुलं पाढे म्हणतात तेव्हा चौथीतल्यांना इतिहासाच्या तासाला पाढे येतात. आणि पहिलीचा वर्ग जिन्यावर. खरंच जिन्यावर, एका पायरीवर तीन मुलं. कोणी मालाची गाठ घेऊन वर जायला निघालं की सगळा वर्ग भिंतीला चिकटून उभा राहतो आणि मग परत बसतो. मी तिथे होतो तेवढ्या वेळात ती मुलं चार वेळा उठली आणि चार वेळा बसली, आणि एकानेही तक्रार केली नाही, कारण शाळा अशीच असते असं त्यांना वाटतं. जिन्याखाली बाईंचं जुनं कपाट होतं. आतल्या बाजूला बाईंच्या अक्षरात कागद चिकटवलेला, ‘खडू मोजून घ्या.’ मी तो वाचला आणि मला आपल्या अकरा ओळींची लाज वाटली. सावली म्हणे, पक्षी म्हणे.

दंतवैद्यांनी त्याच दिवशी हरकत मागे घेतली. मी दुसऱ्या दिवशी घेतली. नवीन नकाशात कडेची झाडं राखायची असं ठरलं तशी एकेक करत सगळ्यांनी घेतली. समिती विसर्जित झाली, फलक माझ्या घरी आला, तो पलंगाखाली आहे. (रंग गडदच बरा होता.) पुन्हा सव्वापाचला बाकावर मी एकटा.

आणि मग एक दिवस पत्रपेटीत पाकीट आलं, बाईंच्या नावाने. तीन वर्षांत बाईंना आलेलं पहिलं पत्र. तू मला वेडा म्हणशील, म्हण. मला आनंद झाला. पाकिटावर त्यांचं पूर्ण नाव टंकलेलं होतं, पत्ता बिनचूक. दुसऱ्याचं पत्र उघडायचं नाही ही आमच्या घरची शिस्त, ती मी कधी मोडली नव्हती, म्हणून मी ते त्यांच्या चष्म्याच्या डबीशेजारी ठेवून दिलं. आठ दिवसांनी दुसरं आलं. तेही ठेवलं. तिसऱ्यावर लाल शाईचा शिक्का होता, तेव्हा आतला आवक-जावकवाला जागा झाला आणि मी ती तीनही फोडली. कळलं ते असं. मी माझी हरकत मागे घेतली होती, एकच्या ओळीतली. दोनच्या ओळीतली तशीच होती. दोनशे चौदा हरकतींपैकी दोनशे तेरा निकाली, एक बाकी. ती मागे घ्यायला हरकतदाराने जातीने हजर राहावं, अन्यथा जमिनीची अदलाबदल पुढे सरकणार नाही. थोडक्यात, ज्यांनी सतरा अर्ज केले त्यांच्याच नावाने शाळा अडली होती.

त्या दुपारी मुख्याध्यापिका आल्या. बिचाऱ्या बराच वेळ हवापाण्याचं बोलल्या, मग म्हणाल्या, “काका, ऑफिसात बाईंचं नाव वाचलं. नावसाधर्म्य असेल ना?” मी हो म्हणालो! ताई, मी तोंडावर हो म्हणालो, आणि त्या गेल्यावर दार लावून किती वेळ तसाच उभा राहिलो. एक मृत्यूचा दाखला नेऊन खिडकीवर ठेवला असता की काम झालं असतं. तो दाखला कपाटात आहे. तुझ्या मुलानेच तेव्हा धावपळ करून आणला होता, लिफाफ्यात घालून दिला होता, आणि तो लिफाफा मी उघडलेलाच नाही. मी, जो येणारा प्रत्येक कागद उघडून त्यावर आवक क्रमांक टाकायचा, त्याने. त्या वेळीही सगळ्यांना तूच सांगितलंस, तुझ्या मुलाने सांगितलं, शेजाऱ्यांनी सांगितलं. माझ्या तोंडून कोणालाही सांगायची वेळ आली नव्हती. शेवटी ऑफिसच्या खिडकीवर गेलो ते हे सगळं सांगायलाच. पण तिथल्या माणसाने विचारलं, हरकतदार बाई का आल्या नाहीत, आणि मी म्हणालो, त्यांना बरं नाही.

खोटं बोलायला हरकत नाही, पण समोर भला माणूस नसावा. तो म्हणाला, अरेरे, मग त्यांनी कशाला यायचं, ज्येष्ठ आणि आजारी व्यक्तींची सुनावणी आमचे अधिकारी घरी येऊन घेतात. आणि गुरुवारी अकराची वेळ देऊन मोकळा झाला.

गुरुवारी मी सहाला उठून घर झाडलं. खुर्च्या पुसल्या. चहाचे कप विसळून ठेवले. खोटं उघडं पडणार म्हणून धास्ती वाटत होती, आणि घरी कोणीतरी येणार म्हणून बरंही वाटत होतं, दोन्ही एकदम. सुनावणी अधिकारी म्हणजे एक तिशीतली मुलगी, खांद्याला मोठी पिशवी, तीत शिक्का, शाई आणि आमच्या प्रकरणाची नस्ती. तिने विचारलं, बाई कुठे आहेत? आणि ताई, तीन वर्षांनी, त्या मुलीच्या तोंडाकडे बघून मी म्हणालो, “शाळेत गेल्यात.” विचार करून नाही म्हणालो. अकरा वाजता कोणी बाईंना विचारलं की हेच उत्तर, तीस वर्षं हेच दिलेलं. ती म्हणाली, मला तर आजारी आहेत म्हणून सांगितलं होतं. मी म्हणालो, चहा घेणार ना?

मग मी जे बोलत सुटलो ते तासभर थांबलो नाही. पाणी खात्यातल्या गमती सांगितल्या, तुझ्या आणि माळ्याच्या भांडणाची गोष्ट सांगितली (तीत तू जिंकतेस, काळजी करू नकोस), सैल फळीचं सांगितलं. ती ऐकत होती. हसलीसुद्धा दोनदा. मला वाटलं, अशीच बोलण्यात सरावी दुपार. मग तिने पाणी मागितलं, आणि तू बस म्हणत मी उठेपर्यंत गुडघ्याने वेळ घेतला, तेवढ्यात ती स्वतःच स्वयंपाकघरात गेली. बाहेर आली ती पेला हातात तसाच धरून. हळू आवाजात म्हणाली, “काका, मांडणीत ताट एकच आहे.”

बाकीची मी माळ्यावर टाकली आहेत. घासायला लागत नाहीत म्हणून नव्हे. नुसती समोर दिसत राहतात म्हणून.

मग मी सांगितलं. बाई गेल्या, तीन वर्षं झाली, असं म्हणालो. एवढं लहान वाक्य, त्याला तीन वर्षं लागली. आवाज बरा लागला, पण नंतर चष्मा काढावा लागला. ती मुलगी खुर्ची जवळ ओढून बसली. कपाटातला लिफाफा मी काढून दिला, उघडला तिनेच. मग नस्ती काढून शेरा लिहायला घेतला, ‘हरकतदार मयत, सबब हरकत निकाली.’ आता तूच सांग, चाळीस वर्षं शेरे वाचलेल्या माणसाला हे कसं चालावं? निकाली काढायला ती हरकत बाईंची होतीच कुठे? मी तिला पलंगाखालून फाइल काढून दाखवली. सतरा अर्ज, सतरा पोचा. तिने सगळे वाचले, एकही पान न गाळता. मग मूळ अर्ज माझ्यासमोर ठेवला आणि पेन दिलं. मी ‘वरीलप्रमाणे’वर आडवी रेघ मारली, बाजूला सही केली आणि लिहिलं, ‘बाईंची हरकत नाही. कधीच नव्हती. चूक माझी.’ तिने त्यावर शिक्का मारला. शिक्का मारण्याचा आवाज पुष्कळ वर्षांनी घरात ऐकला.

काम सुरू झालं आहे. मोजणीवाले आले, फक्कीने आखणी केली, आणि नळाजवळून तिसऱ्या जागी पहिलीचा वर्ग येतो आहे. (हे योगायोगाने. मी कोणालाही काही सांगितलेलं नाही. फक्त मुख्याध्यापिकांना एकदा, जाता जाता.) बाकडं काढताना मी हजर होतो. सैल फळीने शेवटच्या वेळी मजुराचा हात चिमटला तेव्हा मला वाईट वाटलं आणि हसूही आलं. जुन्या शाळेच्या जागी बाग व्हायला दोन वर्षं लागतील म्हणतात. ठीक आहे. मला कुठे घाई आहे.

तर एकूण सगळं क्षेम आहे. काळजी करू नकोस, औषधं वेळेवर घे, सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवू नकोस, निदान ती घरात असताना. मोठ्यांना नमस्कार लिहायचा तर आपल्यात आता तुझ्याहून मोठं कोणी उरलेलं नाही, तेव्हा तोही तूच घे.

तुझा
धाकटा

ता. क. वर माणसांची वर्दळ असते असं लिहिलं आहे. त्यात दूधवाला आणि मीटर वाचणारा हे दोघे धरले आहेत. मीटर वाचणारा महिन्यातून एकदा येतो.

ता. क. जेवणखाण वेळेवर होतं हेही वर लिहून गेलो. वेळ पाळतो, हे खरं आहे. जेवणाबद्दल आणखी विचारू नकोस.

ता. क. एक लहानसं काम राहिलंच. नवी बाग होईपर्यंत पाण्याच्या टाकीमागे चार बाकडी टाकली आहेत. चारच असल्यामुळे भांडणं नकोत म्हणून नावनोंदणी करून कार्ड देतात. मी अर्ज भरला, आणि बसणाऱ्या व्यक्ती किती, या ठिकाणी हाताने पुन्हा दोन लिहिलं. खिडकीवर तीच सुनावणीवाली मुलगी उभी होती. तिने पेन पुढे केलं, खोडायला. मी खोडलं नाही. दोनच्या ओळीत तुझं नाव लिहिलं. नातं, थोरली बहीण. वय दोन वर्षांनी कमी टाकलं आहे. कार्ड आलं आहे, वेळ सव्वापाच. तुझ्या मुलाला सांग की मामाकडे थोडे दिवस जाते, पुढचं पुढे बघू. तू नाही आलीस तर ती नोंद खोटी ठरेल, सुनावणी लागेल, ती मुलगी घरी येईल आणि पाणी प्यायला आत जाईल. माळ्यावरून दुसरं ताट मी खाली काढलं आहे. घासून मांडणीत लावलं आहे.